काजलसाठी सगळे बोलतात

रक्षाने वाचा-उपचाराची पदवी घेतली होती, त्यामुळे तिला सगळं मोजायची खोड होती. दर बुधवारी ती सावंगीहून अल्लीपूरजवळच्या एका शाळेत यायची, आठ वर्षांच्या, हळू शिकणाऱ्या काजलला बोलतं करायला. सहा बुधवारांत तिने काजलला एकशे चार प्रश्न विचारले. नव्वदांची उत्तरं काजलच्या आईने, कांताबाईने दिली. चौदांची मुख्याध्यापक प्रभाकररावांनी. उपचाराचा गुण येत होता, फक्त भलत्याच माणसांना.

"तिला जरा वेळ द्या, तुम्ही गप्प बसा," रक्षाने सांगून पाहिलं.

"म्याडम, पोरगी पाहुण्यासमोर मुकाट बसली तं लोक काय म्हणतीन?" कांताबाई म्हणाली.

आता तालुक्याहून एक अधिकारी येणार होते. काजल स्वतःचं एक तरी वाक्य बोलली तर बुधवारचा वर्ग चालू, नाहीतर बंद. प्रभाकररावांनी तातडीने तिच्यासाठी स्वागतपर भाषण लिहिलं. त्यात 'सर्वांगीण' दोनदा होतं. पाणी हवं तर बोट दाखवणाऱ्या मुलीसाठी हे अगदीच बेताचं होतं.

अधिकारी आले. "बेटा, नाव काय तुझं?"

"काजल," प्रभाकरराव म्हणाले.

"आणि आवडतं काय?"

"भेंडी," कांताबाई म्हणाली. "लय आवडते तिले. रोज डब्यात देतो मी."

"छान बोलते की," अधिकारी म्हणाले.

रक्षाने तीन पेले भरले. "हा चाचणीचा भाग आहे. तिघांनी तोंडात पाणी धरायचं, गिळायचं नाही." 'चाचणी' ऐकून अधिकाऱ्यांनीही निमूट गाल फुगवले.

मग तिने विचारलं, "काजल, तुला काय आवडतं?"

काजलने आईकडे पाहिलं. मग सरांकडे. कुणीच सांगेना. प्रभाकररावांचे डोळे बाहेर येऊ लागले. कांताबाईच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं, पण ओठ मिटलेलेच राहिले.

"मले," काजल म्हणाली आणि थांबली. रक्षाही थांबली. "मले भेंडी नाई आवडत."

प्रभाकररावांनी घाईने पाणी गिळलं. "साहेब, तिले म्हणायचं हाये का भेंडी तिले फारच—"

कांताबाईने फुगलेल्या गालांनीच उठून त्यांचा पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. अधिकाऱ्यांना अजून गिळायची परवानगी नव्हती. त्यांनी कागद ओढला आणि 'वर्ग चालू' असं लिहून सही केली.