धनाजीच्या पोटातली राखणदारीण

मित्रांनो, स्वतःला जुनी म्हणवून घ्यायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही. धनाजी पन्नाशीला टेकला, म्हणजे माझंही वय तेवढंच. तरी माझ्या वरच्या थरातली एकही पेशी आठवडाभरापेक्षा फार जुनी सापडायची नाही. मी सतत झिजते आणि सतत नवी होते. मी आहे धनाजीच्या जठराची आतली त्वचा. घशाखाली उतरलेला घास ज्या पिशवीत जाऊन पडतो तिला जठर म्हणतात, आणि त्या पिशवीला आतून जे अस्तर लागतं ते मी.

आमचा धनाजी मूळचा साताऱ्याकडचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो माथाडी आहे. सळयांचे बंडल साखळीत अडकवायचे, क्रेनवाल्याला हात दाखवायचा, ट्रकात चढून खांद्यानं रेटून ते नीट लावायचे. भर उन्हात तापलेलं लोखंड हो! पण गडी कधी मागे सरला नाही. अशा माणसाच्या पोटात राहण्याचा मला भारी अभिमान.

आता थोडी माझीही फुशारकी ऐका. त्या बाजारात सळयांचा गंज काढायला जे आम्ल वापरतात ना, त्याच जातीचं आम्ल माझ्याच खळग्यांमधून पाझरतं. भाकरीसोबत आलेले जंतू ते मारतं. त्याच्या जोडीला असलेला पाचक रस मटणाचा तुकडा विरघळवतो. मग मी का विरघळत नाही? मीही मांसाचीच की! तर माझ्या पेशी रात्रंदिवस एक बुळबुळीत चिकटा तयार करून अंगावर पसरून ठेवतात. त्या चिकट्याच्या आत, खाण्याच्या सोड्याच्या जातीचा एक क्षार असतो. आम्ल झिरपत आत आलंच तर तिथेच त्याचा जोर मरतो. माझ्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून उभ्या असतात की मधून थेंब जाणं कठीण. एखादी गळून पडलीच तर शेजारीण लगेच सरकून तिची जागा झाकते. कुणी कुणाला सांगत नाही, कुणी कुरकुरत नाही. मला माझ्याच पेशींचं इतकं कौतुक वाटतं म्हणून सांगू!

धनाजीच्या टोळीत एक रीत होती. पहिली गाडी भरल्याशिवाय डबा उघडायचा नाही. भरल्या पोटी वाकवत नाही, म्हणायचे. राहीबाई, म्हणजे धनाजीची बायको, पहाटे उठून भाकरी थापायची आणि दारात रोज तेच बोलायची.

"अहो, दोन घास खाऊन जावा की."

"गाडी भरल्यावर खातो गं. समदी थांबत्यात, मी एकटाच कसा खाऊ?"

आणि तो चहावर निघायचा. इथवर माझी तक्रार नव्हती. पण त्याची कंबर धरायला लागली. टोळीचा मुकादम शहाजी, त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्या खिशात दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. "घे गड्या, म्हंजी दिवसभर घोडा होशील," असं म्हणत तो सगळ्यांना वाटायचा आणि स्वतःही एक टाकायचा. धनाजीही ती रोज उपाशीपोटीच गिळू लागला. प्रेमानंच द्यायचा बिचारा, त्याला काय ठाऊक!

त्या गोळीची गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, माझं मरणच. दुखणाऱ्या कंबरेत शरीर एक रसायन तयार करतं, त्यानं दुखणं वाढतं. गोळी ते रसायन बंद पाडते. पण तेच रसायन माझ्याकडे फार चांगलं काम करतं. चिकटा वाढवा, क्षार सोडा, इकडे जास्त रक्त पाठवा, असा निरोप तेच देतं. कंबरेसाठी घेतलेल्या गोळीनं माझाही निरोप बंद केला. चिकटा पातळ झाला. शेजारणी सरकेनात. एके ठिकाणी आम्ल आत घुसलं आणि मला जखम व्हायला लागली. व्रण म्हणतात तिला.

मी भाजत होते, पण धनाजीला फारसं कळेना. गोळी दुखणंच मारत होती ना! मग व्रणातून रक्त झिरपू लागलं. आम्लात पडलं की रक्त काळं होतं. धनाजीला शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. तुम्हाला वाटेल, आता तरी तो दवाखाना गाठेल. पण बाजारात सगळ्यांची एक पक्की समजूत होती. राहीबाईनं घाबरून विचारलं तेव्हा तो हसलाच.

"अगं, लोखंडाचा कीस जातो पोटात. काळं व्हायचंच. आमच्यातल्या जुन्या गड्यांनाबी व्हायचं म्हनं."

"तुमचं तोंड बघा आरशात. पांढरंफटक पडलंय."

"काय न्हाय होत. उगं टेन्शन घेऊ नगंस."

अरे बाबा, लोखंड नव्हतं रे ते! तुझंच रक्त होतं. मी ओरडले असते, पण मला आवाज कुठून असणार?

एका सकाळी साखळी अडकवून तो उभा राहिला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. काळपट उलटी झाली आणि तो सळयांवर कोसळला. शहाजीनं त्याला रिक्षात घातलं. इस्पितळात रक्ताच्या बाटल्या चढवल्या. राहीबाई दाराशी भिंत धरून उभी होती. इथे आत मीही हात टेकले होते. वाटलं, माझ्यामुळे हा माणूस आता जातो.

आणि मग घशातून एक बारीक नळी खाली आली. तिच्या टोकाला दिवा होता. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी पाहिलं! त्या होत्या डॉक्टर समरा. त्यांनी वाहणारी जागा शोधली, औषध टोचलं, इवलासा चिमटा लावला. रक्त थांबलं. मला रडू आलं असतं तर मी रडले असते.

पुढे आम्ल कमी करणारं औषध सुरू झालं, ती गोळी बंद झाली. बास, मला एवढीच उसंत हवी होती! माझ्या पेशी पुन्हा सरकू लागल्या, काठाकाठानं व्रण झाकू लागल्या. डॉक्टर समरांनी माझा फोटो आणून दाखवला.

"काका, टेन्शन नको, हे भरून येईल. पण ते काळं लोखंड नव्हतं. रक्त होतं. आता कंबर दुखली तर आधी मला विचारायचं, आणि उपाशीपोटी कामाला जायचं नाही."

राहीबाई फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "एवढी नाजूक असती व्हय आतून? आन एवढी वर्सं हिनंच निभावलं?"

ऐकलंत? माझं कौतुक केलं तिनं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पण खाटेच्या पायथ्याशी शहाजी उभा होता. त्याच्या हातातली फळांची पिशवी हळूच खाली टेकली.

"डॉक्टर, ते लोखंड नव्हं म्हनता?" तो धनाजीकडे वळला. "धना, माझंबी काळंच होतंय रं. दिवाळीपासनं."

धनाजी धडपडत उठून बसला. "कुनाला बोलला न्हाईस? चल, हितंच दाखव. आत्ताच्या आत्ता!"

"वखारीत गाडी लागलीय गड्या."

"लागू दे! डॉक्टर, याला सोडू नका."

डॉक्टर समरांनी शहाजीला खुर्चीत बसवलं आणि नाडी धरली.

मित्रांनो, शहाजीच्या पोटातही माझी एक बहीण आहे. तीही अशीच मुकाट्यानं झिजत असणार. तुमच्या घरातही कुणी रोज उपाशीपोटी दुखण्याची गोळी गिळत असेल, कुणी शौचाला काळं होतंय ते हसण्यावारी नेत असेल. त्यांच्या पोटातली माझी बहीण मरेस्तोवर राबेल, पण तिला तोंड नाही. तुम्हाला आहे. तेवढं तिच्यासाठी बोला.