साळवे मॅडमना पडलेली भीड

साळवे मॅडमचा शाळेत दरारा होता आणि तो त्यांना आवडतही असे. अमरावतीच्या त्या मिशनच्या शाळेत त्यांची बावीस वर्षं गेली होती, त्यातली सहा मुख्याध्यापिका म्हणून. "माझ्याकडे वशिला चालत नाही," असं त्या दर पालकसभेत सांगत, आणि ते त्यांना अगदी मनापासून खरं वाटत असे.

ऑगस्टमध्ये घटक चाचणीची प्रगतिपत्रकं पालकांच्या सह्या होऊन परत आली. नववीच्या वर्गशिक्षकांनी त्यातली दोन मॅडमच्या टेबलावर आणून ठेवली. एक रिबेकाचं, एक आकांक्षाचं. दोन्हींवरच्या सह्या मुलींनी स्वतःच ठोकल्या होत्या.

रिबेका चर्चच्या पाळकसाहेबांची मुलगी. पाळकसाहेब शाळेच्या समितीवर होते. मॅडमचे यजमान आजारी होते तेव्हा रोज दवाखान्यात येऊन ते प्रार्थना करून जात. मॅडमनी त्यांना फोन लावला. ते आले, चहा झाला. गणितात नापास झाले ते लपवायला सही केली, असं रिबेकानं रडत रडत सांगितलं. तिघांनी डोळे मिटून प्रार्थना केली, पाळकसाहेबांनी पत्रकावर खरी सही केली आणि विषय कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी आकांक्षाला बोलावलं. ती चांदूर बाजारहून रोज एसटीनं येई. वडील संत्र्याच्या ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिला गुण चांगले होते, लपवावं असं पत्रकात काहीच नव्हतं. पण ही गोष्ट तेव्हा मॅडमच्या ध्यानात आली नाही.

"आईला पत्रक दाखवलंस?"

"हो मॅडम."

"मग सही तू का केलीस?"

आकांक्षा खाली पाहत राहिली. तीनदा विचारलं, तिनं तोंड उघडलं नाही. मॅडमना तो उद्धटपणा वाटला. शिवाय आदल्या दिवशीची चीड आत तशीच साचलेली होती. जिथे काढायची तिथे ती काढता आली नव्हती.

गुरुवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी खरेपणावर एक उतारा वाचला आणि आकांक्षाला आठशे मुलांसमोर उभं केलं. "मी आईची खोटी सही केली," असं तिला माईकवर बोलायला लावलं. वर आठ दिवस घरी बसायची शिक्षा. मुलगी रडली नाही. समोरच्या रांगेत रिबेका मान खाली घालून उभी होती. मॅडमनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

शुक्रवारी आकांक्षाची आई आली. सुभद्राबाई. लिपिकानं शिक्षेचं पत्र तिच्यापुढे सरकवलं, "इथं सही करा." तिनं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "शाईचं पॅड हाय का, भाऊ?"

मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी चमकून वर पाहिलं.

"म्याच सांगतलं होतं तिले सही कराले," सुभद्राबाई म्हणाली. "चौथीपासून तेच करते. इथल्या भरतीच्या फारमवर तिच्या बापानं माया नावापुढं दहावी पास लिवलं होतं. मिशनची शाळा, अंगठेवाल्या बाईची पोरगी घेतीन का नाही, असं वाटलं आमाले."

"पण तिनं मला सांगायचं ना! मी तीनदा विचारलं."

"कशी सांगन, मॅडम? मायी इज्जत गेली असती." ती जराशानं म्हणाली, "म्हून तिनं आपली जाऊ देली."

मॅडमनी शिक्षा तिथल्या तिथे रद्द केली. पण आकांक्षा सोमवारी आली नाही, मंगळवारीही नाही. पुढच्या आठवड्यात सुभद्राबाई दाखला मागायला आली. पोरगी अकोल्याला मावशीकडे जाऊन राहिली होती आणि या शाळेचं नाव काढू देत नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मॅडम अकोल्याच्या एसटीत बसल्या. सुभद्राबाईच्या हाती न देता दाखला त्यांनी स्वतःच पर्समध्ये घेतला होता, पण तो द्यावा लागणार नाही अशी आशाही होती. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं.

"सोमवारी प्रार्थनेत मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते," मावशीच्या घरी पाण्याचा पेला हातात धरून त्या म्हणाल्या. एवढ्यानं मुलीचं मन निवळेल असं त्यांना वाटलं होतं.

"नोका मागू," आकांक्षा म्हणाली. "तुमी माफी मागसान, मंग सारे पुन्हा मायाकडेच पायतीन. अन् काहून मागून राहिल्या तेबी सांगा लागन. आईचं सांगसान काय तिथं?"

मॅडमनी पेला खाली ठेवला.

"रिबेकानंबी सही केली होती. साऱ्या वर्गाले मालूम हाय. तिले काहून नाही उभं केलं?"

"अवं, मोठ्या माणसाले असं बोलते काय?" मावशी दटावू लागली. मॅडमनी तिला हातानं थांबवलं. एसटीत जुळवलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. 'तिची गोष्ट वेगळी होती,' असं ओठांवर आलं. पण तेही खोटंच होतं.

"तिचे वडील आमचे पाळक आहेत," त्या म्हणाल्या. "मला त्यांची भीड पडली. तुझ्या बाजूनं भीड पडावी असं कुणी नव्हतं."

चौदा वर्षांच्या मुलीपुढे हे बोलताना त्यांची नजर वर उचलवेना.

"मले वाटलंच होतं," आकांक्षा म्हणाली, आणि तिनं दाखल्यासाठी हात पुढे केला.

महिनाअखेरीस समितीची बैठक झाली. सुभद्राबाईचं गुपित झाकून मॅडमनी आपली चूक सगळ्यांपुढे सांगितली. पाळकसाहेब म्हणाले, "रिबेका मला त्या गुरुवारी संध्याकाळी म्हणाली होती, पप्पा, मलाही उभं करायला पाहिजे होतं. मीच तिला गप्प बसवलं." यापुढे कुठल्याही मुलाला प्रार्थनेत उभं करायचं नाही, असा ठराव झाला.

एक वयस्क सभासद म्हणाले, "मॅडम, असा मनाचा मोठेपणा हल्ली कोण दाखवतो?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीही वाजवली.

मॅडमना तिथून उठून जावंसं वाटलं. तिकडे अकोल्यात ती मुलगी सत्राच्या मध्यावर, ओळखपाळख नसलेल्या वर्गात जाऊन बसली असणार, आणि इथे आपल्याला शाबासकी मिळत होती. शेजारी लिपिक इतिवृत्त लिहीत होता. मॅडमनी त्याच्या वहीवर हात ठेवला.

"ठराव राहू द्या," त्या म्हणाल्या. "हे कौतुक तेवढं खोडा."