सीटची जागा

उस्तादांचा हात सीटखाली गेला, खटका ओढला गेला आणि सीट खडखडत पुढे आली. त्याच क्षणी जिन्याच्या तोंडाशी आलेल्या बाई "अहो, नको" म्हणाल्या. दोन पायऱ्यांचा काय तो उशीर झाला.

उस्ताद स्टिअरिंगमागे तसेच बसून राहिले. बाई गाडीजवळ आल्या, उघड्या खिडकीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि आत पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गिऱ्हाइकाचं ओरडणं उस्तादांना नवीन नव्हतं, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची त्यांना सवय होती. पण बाई ओरडल्या नाहीत.

"सरकवलीत?"

"सीट होय? हो, ताई. माझे पाय पोचत नाहीत ना."

"ती यांची जागा होती," बाई म्हणाल्या. "हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून कुणी हलवली नव्हती."

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत उस्तादांना एकतीस वर्षं झाली होती. सामान उचलायला माणसं पुष्कळ होती. उस्तादांचं काम एकच, गिऱ्हाइकाची छोटी गाडी बंद ट्रकमध्ये चढवणं. ट्रकच्या पुढच्या भागात घर रचायचं, मध्ये प्लायवूडची आडभिंत ठोकायची आणि मागे उरलेल्या जागेत गाडी. दोन्ही बाजूंना घरातल्याच गाद्या उभ्या करायच्या आणि दोन लोखंडी फळ्यांवरून गाडी त्यांच्या मधोमध घालायची. आत गेल्यावर दार उघडत नाही. चालवणाऱ्याने मागच्या सीटवरून सरपटत डिकीतून बाहेर पडायचं. आजवर तीन हजारांवर गाड्या उस्तादांनी चालवल्या होत्या, आणि त्यातली एकही पन्नास फुटांच्या पुढे नेली नव्हती. "जन्मभर गाड्या चालवल्या, पण बायकोला कधी चौकापर्यंत नेलं नाही," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "चौक लांब पडतो," म्हणून उस्ताद विषय संपवायचे.

उंची देताना देवाने त्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. त्यामुळे कुठल्याही गाडीत बसलं की आधी सीट पुढे घ्यायची. ते काम त्यांच्या हाताला इतकं ठाऊक होतं की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही गाडीला साधा ओरखडा पडला नव्हता. ही गोष्ट ते मुळीच नम्रपणे सांगत नसत.

"मी सकाळपासून हेच सांगायला गाडीपाशी उभी होते," बाई म्हणाल्या. "गॅसचा नळ बंद केलाय का ते विचारायला मला वर बोलावलं, आणि तेवढ्यात तुम्ही बसलात. तुमची तरी काय चूक?"

"चूक माझीच आहे. आधी विचारायला पाहिजे होतं."

"हे बाजारात वजनं-काटे तपासायचे. घरात मिठाचा डबा बोटभर सरकला तरी यांना कळायचं. मी वैतागून मुद्दाम सरकवून ठेवायचे." बाई थोडं हसल्या आणि लगेच थांबल्या. "आज तुमच्या माणसांनी पलंग हलवला, कपाट हलवलं, यांची खुर्ची हलवली. मी एका शब्दाने बोलले का? घर हलवायचं म्हटल्यावर सगळं हलणारच. एवढी एक जागा तशीच्या तशी न्यायची होती, बस."

ट्रकचा ड्रायव्हर फळ्यांपाशी उभा राहून हे ऐकत होता. "उस्ताद, चारनंतर आपल्याला रस्ता बंद होतो," तो म्हणाला. "ढकला सीट मागं आणि आणा गाडी वर. कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," उस्ताद म्हणाले, आणि गाडीतून उतरले.

खरं तर ड्रायव्हर म्हणत होता ते सोपं होतं. सीट अंदाजाने मागे ढकलून "घ्या ताई, होती तशी" म्हटलं असतं तर बाईंनी मान डोलावली असती, आणि तिकडे गेल्यावर रोज गाडीत डोकावून मनात शंका घेतली असती. उस्तादांना ते नको होतं. त्यांनी ट्रकमधून उजेडासाठी बॅटरी मागवली, मागचं दार उघडलं आणि पोट गाडीच्या तळाला टेकवून सीटखाली डोकं घातलं. पाय बाहेर लोंबत होते. सामान उचलणारे दोघे जण हातातलं टेबल खाली ठेवून बघायला उभे राहिले.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"खाचा दिसताहेत. सीटचा खटका ज्या खाचेत बसतो ना, त्या. सगळ्या गंजल्यात. एक आतनं चकचकीत आहे, म्हणजे खटका तिच्यात बसून होता." थोडा वेळ बॅटरी इकडेतिकडे फिरली. "एक नाही. दोन आहेत."

"दोन कशा?"

"शेजारीशेजारी आहेत. साहेब कधी एक खाच मागेपुढे करत असतील."

"हिवाळ्यात," बाई लगेच म्हणाल्या. "जाड कोट घातला की एक घर मागे घ्यायचे."

"आणि गेले तेव्हा?"

बाईंनी आठवून पाहिलं, पण त्यांना सांगता येईना. ते गेले ऋतू बदलताना, कधी कोट घालायचे तर कधी हातावर टाकून न्यायचे. उस्ताद बाहेर आले. दोन्ही कोपर काळे झाले होते.

"ताई, गाडी चार वर्षं उभी, तरी एका झटक्यात चालू होते म्हणालात. कोण चालू करतं?"

"मीच. मला चालवता येत नाही, पण दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवते. आत बसत नाही मी. बाहेर उभी राहूनच, खिडकीतून किल्ली फिरवते."

"दाखवा बरं कशी फिरवता ते."

उस्तादांनी सीट पहिल्या चकचकीत खाचेत बसवली. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, वाकल्या, एक हात किल्लीकडे गेला आणि दुसरा आधारासाठी आपोआप सीटच्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात पडला. त्या क्षणभर थांबल्या.

"नाही. हात लवकर टेकतोय."

उस्तादांनी सीट एक खाच मागे घेतली. बाई पुन्हा सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. दोनशे रविवार त्या हाताने जी जागा धरली होती तिथे तो नेमका जाऊन बसला. माणूस बसलेला असता तर तो हात त्याच्या खांद्यालगत आला असता. बाईंनी तो लवकर काढला नाही.

"इथंच," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोट घालून गेले."

टेबल सोडून उभ्या राहिलेल्या दोघांनी टेबल उचललं आणि ते गुपचूप ट्रककडे गेले. उस्तादांनी खिशातल्या रुमालाने कोपर पुसले. जिवात जीव आला होता, पण अर्धंच काम झालं होतं. सीट जागेवर होती आणि त्या सीटवर बसून उस्तादांचा पाय क्लचला पोचणं या जन्मी शक्य नव्हतं.

"मी बसू का?" ड्रायव्हरने विचारलं.

"तू लांबच राहा. ट्रकवाल्याच्या हाती छोटी गाडी देणं म्हणजे पैलवानाला सुईत दोरा ओवायला लावणं."

तेवढ्यात बाईंचा मुलगा रिकाम्या घराच्या किल्ल्या मोजत खाली आला. जिन्याच्या दारातून बाहेर पडताना त्याला मान वाकवावी लागली. उस्तादांनी ते पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"साहेब, वडील तुमच्याएवढे उंच होते का हो?"

"तितकेच. का?"

बाईंनी त्याला झालं ते सांगितलं. मुलाने ऐकून घेतलं, गाडीकडे पाहिलं आणि कपाळावरून हात फिरवला. गेले सहा महिने तो ही गाडी विकून टाक म्हणून आईच्या मागे लागला होता. तिकडच्या इमारतीत जागा नाही, तू चालवत नाहीस, मी चालवणार नाही, मग एवढ्या लांब नेऊन करायचं काय, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती. बाईंनी फक्त "जागा बघ" म्हटलं होतं आणि त्याने ती मुकाट्याने बघितली होती.

"काका, माझी गाडी ऑटोमॅटिक आहे," तो म्हणाला. "क्लच दाबून आठ वर्षं झाली. त्यात फळ्यांवरून चढवायची? नको. मागे घसरली तर सगळंच गेलं."

"क्लच पाय विसरत नाही, डोकं विसरतं. डोक्याचं काम माझ्याकडं. पाय तुमचे, डोळे माझे."

"तुमचा एवढा विश्वास?"

"तुमच्यावर नाही हो, माझ्यावर आहे," उस्ताद म्हणाले.

मुलगा हसला आणि दार उघडून आत बसला. बसला तो थेट बसलाच. गुडघे कुठे अडले नाहीत, पाय पेडलवर पोचले. सवयीने त्याचा हात वरच्या आरशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काय झालं? आरसा?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. हलवायची गरजच नाही." तो थोडा वेळ आरशात बघत राहिला. "बाबांनी मला या सीटवर कधी बसू दिलं नाही. 'आधी स्वतःची घे, मग तिची सीट हवी तशी हलव,' म्हणायचे."

"हलवली असतीस तू," बाई म्हणाल्या.

"हलवली असती. मुद्दाम."

अंगणात दहा फूट पुढे, दहा फूट मागे अशी तालीम झाली. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली, दुसऱ्यांदाही. ड्रायव्हर आकाशाकडे बघू लागला. तिसऱ्यांदा गाडी लोण्यासारखी सरकली, आणि उस्तादांनी फळ्या पायाने दाबून पाहिल्या. मग ते गाडीच्या मागे, दोन्ही फळ्यांच्या मध्यरेषेत, पाच पावलं दूर उभे राहिले.

"पुढं बघू नका," तिथे जाण्याआधी खिडकीशी वाकून त्यांनी शेवटचं सांगितलं होतं. "पुढं अंधार आहे, त्याचा उपयोग नाही. आरशात माझा हात बघायचा. हात डावीकडं गेला तर तुम्ही डावीकडं. मूठ केली की जागच्या जागी धरायची. आत लाकडी ठोकळा ठोकलाय, पुढची चाकं त्याला लागली की समजायचं पोचलो."

गाडी निघाली. पुढची चाकं फळ्यांवर चढली, लोखंड कुरकुरलं. उस्तादांचा उजवा हात वर होता आणि बोटाच्या पेराएवढा इकडेतिकडे होत होता. गाडीचं तोंड ट्रकच्या आत गेलं, मागची चाकं फळ्यांच्या मध्यावर आली, आणि इंजिनाचा आवाज बसला. गाडी थरथरली आणि वीतभर मागे आली.

बाईंनी तोंडावर हात नेला. उस्तादांनी मूठ केली आणि ते जागचे हलले नाहीत. गाडी मागे आली असती तर सरळ त्यांच्या अंगावर आली असती.

"धरा," ते शांतपणे म्हणाले. "आहे तिथंच. बंद पडत नाही ती. रेस द्या थोडी, अजून, हां. आता क्लच हळूहळू सोडा. बघा माझ्याकडं. सोडा."

गाडीने दम घेतला आणि ती वर गेली. गाद्यांना न शिवता, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून ती आत सरकत राहिली. ठोकळ्याला चाकं लागल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं.

उस्तादांनी हात खाली घेतला. त्यांनी खिशातून गाडीच्या तपासणीचा कागद काढला. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि गाडीत बसण्याआधी त्यांनी जुन्या ओरखड्यांवर अकरा फुल्या मारल्या होत्या. खाली 'कंपनीकडून झालेलं नुकसान' असा रकाना होता. मांडीवर कागद ठेवून त्यांनी सावकाश लिहिलं आणि सही करायला बाईंपुढे धरला.

बाईंनी वाचलं. 'चालकाची सीट न विचारता हलवली. चूक माझी. परत जागेवर, मालकिणीने पाहून खात्री केली. उतरवताना सीटला कुणी हात लावू नये. मुलगा बसेल.'

"हे कशाला लिहिलंत? नुकसान कुठं झालंय?"

"एकतीस वर्षं हा रकाना कोरा ठेवला, ताई. कोरा ठेवण्यासारखं काम होतं म्हणून ठेवला. आज नव्हतं."

बाईंनी सही केली. कागदाची घडी घालून परत देताना त्यांनी ट्रककडे पाहिलं. ट्रकवर चढलेल्या एकाने गाडीची डिकी केव्हाच वर उचलून धरली होती, पण कुणी बाहेर येत नव्हतं. आत गाद्यांच्या मधल्या अंधारात सीटच्या वर फक्त एक डोकं दिसत होतं. उंच, थोडं पुढे झुकलेलं. बाई ते बघत राहिल्या.

"इतका वेळ काय करतोय तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"हँडब्रेक ओढताहेत," उस्ताद म्हणाले. "जुनी गाडी आहे. वेळ लागतो."

ड्रायव्हरने घड्याळाकडे बोट दाखवलं. उस्तादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते ट्रककडे पाठ करून उभे राहिले, आणि फळ्या उचलायला आलेल्या माणसाला त्यांनी मूठ दाखवून जागच्या जागी थांबवलं.