ढेकळ्या शहाण्यासारखा राहिला त्या दिवशी

"गर्दीत कुत्र्याला एकटं बांधू नकोस पोरी," असं सासऱ्यांनी तिला बजावलं होतं. "बांधलेल्याला पळता येत नाही. पळता आलं नाही की तो चावतो."

तिनं मान हलवली आणि बांधलं. कॉलेज शिकलेली सून, बांधलेलं कुत्रं सुरक्षित एवढं तिला कळत होतं. मळणीला आलेली माणसं परसात जेवायला बसणार, मधून तिचं रांगतं लेकरू फिरणार, चुलीवर रस्सा उकळणार. त्यात ढेकळ्या मोकळा कशाला? सरपणाच्या ढिगामागं आखूड दोरीनं त्याला बांधून ती वाढायला लागली.

लपाछपी खेळता खेळता थोरल्या दिरांची मुलगी नेमकी त्या ढिगामागं शिरली. ढेकळ्या मागं सरकला, दोरी संपली, आणि त्यानं तिची बाही धरली. दात लागले नाहीत, पण बाही टरकन फाटली आणि पोरीनं सगळं परस डोक्यावर घेतलं.

थोरले दीर ताटावरून उठले. "येत्या रविवारी गोठ्याचं छप्पर घालायचंय. पुन्हा माणसं येणार. तेव्हा हे नुसतं भुंकलं तरी नदीपल्याड सोडून येतो. मग धाकट्याला फोन कर नाहीतर आणखी कुणाला."

धाकटा म्हणजे तिचा नवरा. तो मालगाडीवर, आज या गावाला तर उद्या त्या. फोन लागला तर लागला. घर शेताच्या कडेला. वाळल्या पिकातून वारा सुटला की कुणीतरी चालत आल्यासारखा आवाज यायचा, आणि उंबऱ्यावर आडवा पडलेला ढेकळ्या कान टवकारून पुन्हा खाली टाकायचा. त्यानं कान टाकले की मगच तिला झोप लागायची. दिवसभर ती त्याच्याशीच बोलायची. "शिकलेली सून कुत्र्याशी गप्पा मारते," असं बायका हसून म्हणायच्या. मारत होती. दुसरं होतंच कोण?

दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. आठवडाभर तिच्या डोक्यात रविवारच होता. परसाला लागून अवजारांची खोली होती, खिडकी शेताकडं उघडणारी. विळे, कुदळी तिनं वर टांगल्या. खाली पोतं अंथरलं. लवंडू नये म्हणून पाण्याला जड दगडी भांडं ठेवलं. पोरांना दम दिला, "त्या दाराला हात लावायचा नाही." जावेला सांगितलं, "ताई, येणाऱ्यांना सांगा, शिजलेलं हाड कुणी टाकायचं नाही त्याला. घशात अडकतं."

"तुझ्या कुत्र्याचं लग्न आहे का गं रविवारी?" जाऊ म्हणाली. तरी सांगते म्हणाली.

राहिला प्रश्न एकटेपणाचा. दार लावलं की तो केकाटणार, आणि केकाटला की संपलं. तेव्हा ओट्यावर बसलेले सासरे, आबा, आपणहून म्हणाले, "मी बसतो त्याच्यापाशी. तसंही गर्दीत मला कोण विचारतंय."

पहिलं वाक्य ऐकून तिच्या मनावरचं ओझं उतरलं. दुसरं तिच्या कानावरून गेलं.

रविवारी पहाटेच तिनं ढेकळ्याला बांधाबांधानं पळवून दमवून आणलं. मग तो आणि आबा खोलीत गेले, दार लागलं. छपरावर पत्रे चढायला लागले. हातोड्यांचा दणदणाट, गरम वारा, उडणारी माती, वरून खाली शिव्या आणि खालून वर पाण्याचे तांबे. लेकरू कमरेवर घेऊन ती वाढत होती आणि एक कान खोलीकडं होता. आवाज नाही. प्रत्येक वेळी आवाज नाही म्हटलं की तिला घोटभर पाणी प्यायल्यासारखं वाटायचं.

मधेच ढेकळ्याचा भात कालवून तिनं दार किलकिलं केलं. आतून आबांचा हात आला, त्यानं भांडं घेतलं.

"बरा आहे ना तो?"

"बरा आहे. तू जा, पोराला चुलीपासून लांब ठेव."

ती गेली.

उन्हं कलली, माणसं हात धुऊन पांगली. दीर पत्र्यांकडं मान वर करून बघत म्हणाले, "कुत्रं होतं कुठं आज? पत्ताच नाही. असंच राहणार असेल तर राहू दे बाबा."

तिला वाटलं, पातेलं डोक्यावर घेऊन नाचावं. त्याऐवजी ती ते घासायला बसली. बुडाला भाताची खरवड तेवढी राहिलेली. राखेचा हात तसाच थांबला.

"ताई, आबांचं ताट कुणी नेलं?"

"तू नेलंस ना? मला वाटलं तूच. सारखी तिकडंच तर जात होतीस."

तिनं दार उघडलं. पालथ्या टोपलीवर आबा बसलेले. ढेकळ्या त्यांच्या पायावर हनुवटी टेकून गाढ झोपलेला. त्याचं भांडं चाटूनपुसून लख्ख.

"आबा, जेवला नाहीत तुम्ही."

"राहिलं."

"अहो, मग हाक का नाही मारलीत?"

"हाक मारली असती तर हा भुंकला असता." ते सावकाश पाय हलवून मुंग्या घालवत होते. "उठून आलो असतो तर मागं आला असता. आणि मग थोरला त्याला घेऊन गेला असता. गप्प बसलो."

सासूबाई होत्या तोवर या माणसानं कधी जेवण मागितलं नव्हतं. भूक लागायच्या आत ताट समोर यायचं. मागायचं कसं, हे त्यांना आता या वयात कोण शिकवणार?

तिनं विझलेली चूल पुन्हा पेटवली. "आता कशाला," ते म्हणाले, पण दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. ताट तिनं त्या खोलीतच नेलं आणि समोर जमिनीवर बसली. लेकरू पोत्यावर, ढेकळ्या मधे. आबा खाली मान घालून जेवत होते, भराभर, उपाशी माणूस जेवतो तसे. बाहेर दिराच्या हसण्याचा आवाज येत होता. छप्पर छान झालं होतं, कुत्रंही राहिलं होतं, आणि तिला आबांकडं बघवत नव्हतं.

आता कुणाच्या परसात माणसं जमणार असली की बायका तिला विचारतात, कुत्र्याचं काय करावं? ती सांगते. आधी दमवा, सावली द्या, पाणी द्या, हाडं टाकू देऊ नका, दार नीट लावा. एवढं सांगून थांबत नाही. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. ताटं फिरून झाली की हातातलं टाकून एकदा घरात जा. ज्यांचा आवाज येत नाही त्यांच्यापाशी जा. जेवलात का, म्हणून विचारा, आणि ते हो म्हणाले तरी ताट बघून या.