स्ट्रायकर थांबत काहून नाही?

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. एक मुलगी भौतिकशास्त्रात नापास झाली, त्यात माझाही वाटा होता. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

माझा जन्म जबलपूरला, अधारतालच्या पुढे महाराजपुरातल्या एका अंगणात झाला. मला घडवणारे रत्नाकर काका संरक्षण कारखान्यात होते. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो ते करत. केसाइतकी चूक चालत नाही अशा कामात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने बोर्ड करायला घेतला की काय होतं ते माझ्या अंगाला विचारा! महिनाभर त्यांनी मला घासलं. शिसमाची चौकट, वर गुळगुळीत प्लाय, खाली आडव्या-उभ्या पट्ट्या. तयार झाल्यावर काकांनी एक गोटी मारली. ती समोरच्या कडेवरून तीन वेळा परत आली, तेव्हाच ते हसले.

त्यांनी मला कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या खोलीसाठी दिलं. गणेशोत्सवात माझ्यावर स्पर्धा व्हायच्या, बाया-माणसं खुर्च्यांवर उभी राहून बघायची. "असा बोर्ड पूर्ण जबलपूरमध्ये नाही जी," असं मी कितीदा ऐकलं आहे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या काळात सहा वर्षांची रश्मी स्टुलावर गुडघे टेकून खेळायची. तिचे वडील योगेंद्र भाऊ कारखान्यात खरादावर, म्हणजे लेथवर, काम करायचे. शिफ्ट संपवून तिला न्यायला आले की ती म्हणे, "बस बाबा, राणी घेऊ द्या." राणी घेतल्याशिवाय ती हलत नसे.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. रत्नाकर काका मुलाकडे राहायला गेले. मला कपाटामागे उभं केलं, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलला टेकवून. तिथे माझ्याशी बोलायला एक पाल होती, तीही फार बोलकी नव्हती. माझ्या एका कोपऱ्याची जाळी उंदराने नेली. वर्षं गेली. मला वाईट वाटलं, मित्रांनो, आणि रागही आला. मखराला निदान वर्षातून एकदा तरी बाहेर काढत.

यंदाच्या मे महिन्यात खोलीत आवाज आले. तिघं जणं टेबलाशी बसली होती. रश्मी आता सोळा वर्षांची झाली होती आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात अडकली होती. सत्तरात तेवीस हवे होते, मिळाले एकोणीस. जूनमध्ये फेरपरीक्षा होती. तिला पुढे एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं. पण योगेंद्र भाऊंनी घरी सांगितलं होतं, "या वेळी नाही जमलं तर आर्ट्स घे न बेटा. कोणी रागावून थोडी राहिलं." रागावले असते तर ती भांडली तरी असती.

तिच्या मदतीला तिच्याच वर्गातला सुशांत आला होता. त्याला सगळी सूत्रं पाठ होती. बारावीतली संपदा दीदीही होती, जिला अकरावीत हाच विषय नडला होता. तिघंही रश्मीने लिहिलेली उत्तरं आठवून तपासत होती.

"टकरीचा प्रश्न होता न?" सुशांतने विचारलं. "सारख्या वजनाचे दोन गोळे, एक उभा, दुसरा येऊन आदळतो. तू काय लिहिलं?"

"दोघंही पुढे जातात."

"चूक. पहिला थांबतो. दुसरा त्याचा सगळा वेग घेऊन जातो."

"थांबतो?" रश्मी उसळली. "मी लहानपणापासून कॅरम खेळून राहिली, सुशांत. गोटीला मारल्यावर स्ट्रायकर थांबत काहून नाही मग?"

सुशांतने पुस्तक उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पुस्तकात स्ट्रायकर नव्हता. "सूत्र तर हेच आहे," एवढंच तो म्हणाला. पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेला पोरगा तो!

कपाटामागे मी मात्र हिशेब जुळवला. म्हणजे पोरीला ही चूक मीच शिकवली होती! लहानपणी तिने माझ्यावर जे पाहिलं, तेच तिने पेपरात लिहिलं होतं.

संपदा उठली. "चलो, बघूनच घेऊ," म्हणत तिने थर्माकोल बाजूला फेकलं आणि मला ओढून टेबलावर आडवं केलं. ओढणीने धूळ पुसली. बोरिक पावडर नव्हती, म्हणून शेजारच्या हेमलता काकूंकडून अंगाला लावायची पावडर आणली. माझ्या अंगाला मोगऱ्याचा वास! पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

रश्मीने स्ट्रायकर मारला. गोटी उडाली आणि स्ट्रायकरही तिच्यामागे निघाला. "बघ!" ती म्हणाली. सुशांत डोकं खाजवत बसला. मग संपदाच बोलली, "सारखे गोळे म्हणतात न प्रश्नात? मग गोटीनं गोटीला मार."

रश्मीने नेम धरला. गोटी सरळ जाऊन गोटीवर आदळली. दुसरी सुसाट गेली आणि पहिली जवळजवळ तिथल्या तिथेच थांबली.

"अगं बाई!" रश्मी म्हणाली. "थांबली न हे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वस्तू बाजारातल्या सराफाच्या काट्यावर तोलून आणल्या. गोटी पाच ग्रॅम, स्ट्रायकर पंधरा. तिप्पट! मग मला पालथं घालून सुशांतने माझ्या पाठीवर खडूने सूत्र लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला कोणी विचारलं नव्हतं. पंधरा आणि पाच हे आकडे सूत्रात घातल्यावर उत्तर आलं की स्ट्रायकर अर्ध्या वेगाने पुढे जातच राहणार. सुशांतने त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. "मी हे शंभरदा लिहिलं असेन," तो म्हणाला, "पण हे असं काही सांगून राहिलं, ते मालूमच नव्हतं." त्या दिवशी कोण कोणाला शिकवत होतं, हे मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही.

मला पुन्हा सरळ केल्यावर रश्मीने कोणी न सांगता एक गोष्ट केली. स्ट्रायकर मधे ठेवला आणि त्यावर गोटी मारली. स्ट्रायकर पुढे सरकला आणि गोटी उलटी फिरून तिच्याकडेच आली. तिने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग मला स्वतःच पालथं घातलं, सूत्र मांडलं आणि उत्तरापुढे वजाचं चिन्ह काढलं. दोघंही अर्ध्या वेगाने, एक इकडे, एक तिकडे. पुढचे वीस दिवस तिघंही रोज आली. जे माझ्यावर दाखवता येईल ते दाखवलं, बाकीच्यासाठी माझी पाठ होती.

पेपर सुटल्यावर रश्मी घरी न जाता थेट खोलीत आली. हलका गोळा तिप्पट जड गोळ्यावर आदळतो, असा प्रश्न आला होता. चार गुणांचा.

"मायनस लावला न?" सुशांतने घाबरून विचारलं.

"लावला रे. ती गोटी वापस येताना दिसून राहिली होती मला."

निकालात तिला पंचवीस मिळाले. हवे होते तेवीस. ते चार गेले असते तर काय झालं असतं, ते तुम्हीच मोजा. मी तर दोनदा मोजून पाहिलं.

त्या रविवारी खोलीत रश्मी एकटीच होती. योगेंद्र भाऊ दारात आले. चप्पल काढावी की नाही, अशा विचारात थोडा वेळ उभे राहिले, मग काढली. आयुष्यभर लोखंडाला आकार देणारा माणूस माझ्यासमोरच्या स्टुलावर अवघडून बसला.

"ते तुझं काय होतं," ते म्हणाले, "परत येते म्हणे गोटी. मला दाखव न."

रश्मीने दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. मग स्वतःचं जाड, तेलाने काळवंडलेलं बोट गोटीमागे धरलं आणि मारलं. नेम चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा गोटी आदळली आणि परत येऊन त्यांच्याच बोटाला लागली.

"काहून होते असं?" त्यांनी विचारलं.

रश्मीने समजावलं. त्यांना कळलं नाही.

"अजून एकदा सांग," ते म्हणाले.

तिने गोटी पुन्हा जागेवर ठेवली.

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका आणि कोणाला जमलं तर माझ्या चौथ्या कोपऱ्याला जाळी लावा. पण हे सगळं राहिलं तरी चालेल. तुमच्यासमोर बसून कोणी "अजून एकदा सांग" म्हणालं, तर कपाळाला आठी घालू नका. ते तीन शब्द बोलायला त्या माणसाला किती दूर चालून यावं लागलं असेल, ते मी त्या रविवारी फार जवळून पाहिलं आहे.