कानावर पडेपर्यंत

शशांकने चिमटीतले तांदळाचे पीठ सोडले आणि रांगोळीची रेघ पुन्हा वाकली. उंबऱ्यासमोरच्या ओल्या जमिनीवर ठिपके नीट बसले होते. त्यांच्याभोवती फिरणारी रेघ मात्र प्रत्येक वळणावर थबकत होती, जणू पुढे जायची परवानगी तिला दर वेळी नव्याने मागावी लागत होती.

"हा कोलम आहे की बस स्टँडचा नकाशा?" सायकल भिंतीला टेकवत सेवा-तुकडीतल्या मणीने तमिळमध्ये विचारले. "तात्ता, बघा, पापनाशम्‌ची गाडी इथून सुटते. आणि इथे चहाची टपरी."

दारातल्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या पांडुरंगरावांनी मान जराशी पुढे केली. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू जड झाली होती, पण नजर तीच होती. तिरुभुवनम्‌च्या विणकर सोसायटीत रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी आखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

"कालच्याहून मोठी काढतो आहेस," ते म्हणाले.

"मार्गळी महिना आहे ना, आजोबा. सगळ्यांच्या दारात मोठी असते."

"हो," पांडुरंगराव म्हणाले. "सगळ्यांच्या दारांत."

समोरच्या घरासमोर राजेश्वरीबाई आपल्या रांगोळीत भोपळ्याचे पिवळे फूल ठेवत होत्या. शशांकच्या रांगोळीकडे लक्ष जाताच त्यांचा हात तसाच राहिला. फूल ठेवून त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले. पदर तोंडाशी धरला होता, तो थंडीमुळे की कशामुळे, हे शशांकला समजले, आणि तो पुन्हा खाली वाकला.

पांडुरंगरावांची एकुलती एक मुलगी श्रीदेवी मंगळवारी बेंगळुरूमध्ये वारली होती. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली, रुग्णालयात नेईपर्यंत सारे संपले होते. जावयाने, कृष्णमूर्तींनी, फोन केला तो सासऱ्यांना नव्हे, तर सेवा-तुकडीला. मामांचे हृदय नाजूक आहे, रविवारी मी स्वतः येऊन समोर बसून सांगेन, तोवर त्यांना काही कळू देऊ नका, असे ते रडत रडत म्हणाले होते. गल्लीला कुणा नातेवाइकाकडून कळलेच. गल्लीनेही तोंड मिटून घेतले.

तुकडीतली आठ मुले-मुली महामहम तळ्यामागच्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या माडीवर वर्षभरासाठी एकत्र राहत. चटया, एक मोठी शेगडी, पाळीपाळीने केलेला भात. दिवसभर शहरातल्या एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचे, त्यांना अंघोळ घालायची, औषध द्यायचे, केर काढायचा. शशांक साताऱ्याहून आलेला. पांडुरंगरावांच्या घराण्याने तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घरातली मराठी सोडली नव्हती; मराठी बोलतो म्हणून हे घर त्याच्याकडे आले. पहिल्या दिवशी पांडुरंगरावांनी त्याचे बोलणे डोळे मिटून ऐकले होते आणि म्हटले होते, "तुझें मराठी कोऱ्या भांड्यासारखें वाजतें रे. आमचें पोचे पडलेलें. पण पाणी दोहोंतही राहतें."

संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसायचे आणि दिवसातली एक गोष्ट सांगायची, असा तुकडीचा नेम होता. त्या मंगळवारी तुकडीप्रमुख विशालाक्षी अक्काने ती बातमी सांगितली.

"आपणच का सांगू नये?" शशांकने विचारले.

"बातमी त्या घरची आहे," विशालाक्षी म्हणाली. "आपण पाणी नेतो, औषध नेतो. बातमी नेत नाही."

मग शशांकने ठरवून टाकले की त्या घरातले काहीही बदलू द्यायचे नाही. दुःख झालेल्या घरासमोर रांगोळी घालत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच ती चुकता कामा नये. तो पूर्वी लहान, घाईची रांगोळी काढी; बुधवारपासून ती उंबऱ्यापासून गटारापर्यंत पसरू लागली. तो मोठ्याने बोलू लागला, मणीच्या विनोदांवर लगेच हसू लागला. गोल बसल्यावर मात्र त्याची पाळी आली की तो "आज काही नाही" म्हणे.

शुक्रवारी संध्याकाळी श्रीदेवीचा फोन येत असे. दर शुक्रवारी चार वाजल्यापासूनच पांडुरंगराव मोबाइल मांडीवर घेऊन बसत आणि आवाज चालू आहे ना, हे शशांकला पुन्हा पुन्हा पाहायला लावत. या शुक्रवारसाठी शशांकने उत्तर तयार ठेवले होते: बेंगळुरूला नेटवर्क नाही, सगळ्यांचेच फोन बंद आहेत. पाच वाजले, सहा वाजले. पांडुरंगरावांनी काहीच विचारले नाही. मोबाइल कोनाड्यात कापडाखाली होता. ते रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा पाहत राहिले.

"आजोबा, आज फोन..." शशांकलाच राहवले नाही.

"दिवा लाव," ते म्हणाले. "अंधार पडला."

शनिवारी मणीचा वाढदिवस होता. तो स्टीलच्या डब्यातून खिरीसारखे गोड पायसम् घेऊन आला.

"तात्ता, नाही म्हणायचं नाही. मी स्वतः ढवळलंय. तळाला लागलं ते शशांकसाठी ठेवलं, वरचं तुम्हाला."

"किती वर्षांचा झालास?"

"एकवीस. पण अक्का म्हणते, अकरा."

पांडुरंगरावांनी उजव्या हाताने चमचा उचलला. तो ओठांपाशी बराच वेळ थांबला. मग त्यांनी घास गिळला, दुसरा घेतला, आणि मणीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी लगेच काढला नाही. शशांकने पाहिले आणि तो पाण्याचा तांब्या भरायला उगाच मागे गेला.

परतला तेव्हा मणी गेला होता. डबा तसाच, जवळजवळ भरलेला, खुर्चीशेजारी होता.

"तुमच्या साताऱ्याकडे सुतक कसें धरतात?" पांडुरंगरावांनी विचारले.

शशांकने तांब्या खाली ठेवला. "मला फारसं माहीत नाही."

"आमच्याकडे कानावर पडल्यापासून. माणूस केव्हांही जावो, जोंवर कुणी आपल्या तोंडानें सांगत नाही तोंवर सुतक नाही. तोंवर माणूस जेवतो, हसतो, दारांत रांगोळी असते. दोष नाही त्याला." ते थांबले. श्वास घेतला. "माझी आत्या रामेश्वराकडे वारली. आप्पांना, माझ्या वडिलांना, शेतावर सांगितलें. तसेच, अंगावरच्या कपड्यांनिशीं, कावेरींत उतरले. मी काठावर होतों. वर आले तेव्हां ते रडत होते. पण सगळेंच ओलें, त्यामुळें कळत नव्हतें."

"आणि उशिरा कळलं तर?"

"लग्न झालेल्या लेकी-बहिणींचें तीन दिवस. फार उशिरा कळलें तर नुसती एक अंघोळ. शास्त्र म्हणतें, इतक्या दिवसांत दुःख आपोआप शिळें झालें असेल." त्यांनी रस्त्याकडे पाहिले. "शास्त्र लिहिणाऱ्यांना लेकी नसाव्यात."

शशांकने डबा उचलला, झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. बोलला असता तर त्याच क्षणी बोलला असता. पण उद्या रविवार होता. उद्या कृष्णमूर्ती येणार होते. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

रात्री जेवणाच्या पंगतीत विशालाक्षीचा फोन वाजला. ती गच्चीवर जाऊन बोलली आणि परत येऊन पानावर बसली, पण जेवली नाही.

"कृष्णमूर्तींना येता येत नाही," ती म्हणाली. "तिकडचे विधी, मुलांची शाळा. आता महिन्याने येतील. तोवर सांभाळा म्हणाले."

"महिना?" शशांक म्हणाला.

"मीही तेच म्हटलं. ते फोनवर रडायला लागले, शशांक. मला पुढे बोलता आलं नाही."

मणीने आपल्या पानातला भात एका कडेला सारला. वाढदिवसाचे पायसम् अजून पातेल्यात होते. ते कुणी मागितले नाही.

रविवारी सकाळी शशांक नेहमीपेक्षा लवकर निघाला. देवळातल्या कर्ण्यावरून मार्गळीची गाणी येत होती, दारोदारी बायका वाकून रेघा ओढत होत्या. पांडुरंगरावांच्या दारातली खुर्ची रिकामी होती.

"आजोबा?"

उत्तर घराच्या मागून आले. तो धावत गेला. पांडुरंगराव परसातल्या नळाजवळच्या दगडावर बसले होते. भिंतीला धरत, जड पाय ओढत ते एकटेच तिथवर गेले असावेत. वाटेवर पायाचा लांब माग उमटला होता. अंगावर धोतर होते, सदरा होता, खांद्यावर उपरणे. बादली भरलेली होती.

"हे काय! पडला असतात म्हणजे? चला, आत चला, गरम पाणी..."

"गरम नको." ते शांतपणे म्हणाले. "बैस."

शशांक समोर ओल्या फरशीवर बसला.

"सांग," पांडुरंगराव म्हणाले.

"काय सांगू?"

"जें सांगायला तुला मना केलें आहे तें."

कर्ण्यावरचे गाणे संपले. दुसरे सुरू होईपर्यंतच्या त्या वेळात बादलीत पडणाऱ्या नळाच्या थेंबाचा आवाज तेवढा राहिला.

"तुम्हाला माहीत आहे," शशांक म्हणाला.

"माहीत असून होत नाही. राजेश्वरी माझ्याशी बोलतांना डोळ्याला पदर लावते. शुक्रवार गेला, आणि फोन कां आला नाही ह्याचें तुम्हां कोणाला नवल वाटलें नाही. तूं रोज केवढी मोठी रांगोळी काढतोस! माहीत होणारच. पण अंघोळ करतां येत नाही रे त्यावर. कोणी तरी म्हटलें पाहिजे." त्यांनी बादलीच्या काठावर हात ठेवला. "पांच दिवस झाले, मी वाट पाहतों आहें. मला रडतां येत नाही."

शशांकने तोंड उघडले. विशालाक्षीचे वाक्य, कृष्णमूर्तींचे रडणे, सगळे त्याला आठवले. त्याने पांडुरंगरावांचा जड, निर्जीव हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"श्रीदेवीताई गेल्या, आजोबा," तो म्हणाला. "मंगळवारी. बेंगळुरूला."

पांडुरंगरावांनी मान हलवली. एखाद्याने नाव विचारावे आणि ते ओळखीचे निघावे, तशी. मग ती मान खालीच राहिली.

"पाणी घाल," ते म्हणाले.

त्याने तांब्या भरून त्यांच्या डोक्यावर ओतला. मार्गळीच्या पहाटेचे पाणी, हाडांपर्यंत जाणारे. सदरा अंगाला चिकटला, उपरणे ओघळून खाली आले. दुसरा तांब्या, तिसरा. चौथ्यानंतर शशांकने मोजले नाही. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, खोल आणि ओबडधोबड. तो संपेपर्यंत शशांक ओतत राहिला. बादली रिकामी झाली तेव्हा त्याने ती पुन्हा नळाखाली लावली.

नंतर त्याने त्यांचे अंग पुसले, कोरडे धोतर नेसवले, आधार देऊन पुढच्या खोलीत आणून बसवले. कृष्णमूर्ती महिन्याने येऊन स्वतः सांगणार आहेत, हेही त्याने सांगून टाकले. दारात पिठाचा डबा होता. तो उचलून त्याने आत फळीवर ठेवला आणि दार अर्धे लोटले.

"कृष्णमूर्तीला सांगूं नको," पांडुरंगराव म्हणाले.

"पण आता तर..."

"त्याच्याजवळ एवढेंच एक काम उरलें आहे. तें तूं केलेंस, हें त्याला कशाला कळावें? येऊं दे त्याला. समोर बसून सांगूं दे. मी ऐकेन."

"पुन्हा?"

पांडुरंगरावांच्या केसांतून पाणी अजून मानेवर उतरत होते.

तेवढ्यात शशांकच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर कृष्णमूर्तींचे नाव होते. त्याने पांडुरंगरावांकडे पाहिले. त्यांनी चांगला हात पुढे केला. शशांकने फोन सुरू करून त्यांच्या कानाशी धरला.

"बोल रे," पांडुरंगराव म्हणाले. पलीकडून एक बिचकलेला आवाज आला. "मामा? तुम्ही? बरे आहात ना?"

"मी बरा आहें," पांडुरंगराव म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले, गळा साफ केला, आणि जावयाला नेहमी विचारीत तसेच विचारले, "श्रीदेवी कशी आहे रे?"