पर्णकृमीच्या नावानं आठ वर्षं

मी जळू बोलतेय. हो, तीच. नाव ऐकून अंग चोरून घेऊ नका, कुणाला चिकटायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, फॉर्मालिनच्या बरणीत मी तेरा वर्षं उभी आहे. तेरा वर्षं कुणी बसा म्हणालेलं नाही.

मूळची मी बारवी धरणाकडची. तिथल्या भातखाचरातल्या चिखलात माझा जन्म झाला. अंगानं मऊ, पाठीला कणा नाही, पण कारभार सगळा नेटका. तेहतीस खंडांचं शरीर, त्यावर बारीक बारीक वळ्या. पुढच्या टोकाला एक चूषक, मागच्या टोकाला दुसरं. तोंडात तीन जबडे आणि डोळ्यांच्या पाच जोड्या. पोटात दहा कप्पे, एकदा पोटभर रक्त मिळालं की मला महिनोन् महिने दुसरं काही लागायचं नाही. नर आणि मादी दोन्ही मीच, पण मराठीत जळू ‘ती’ म्हणून मीही ‘ती’. वाद घालायचा मला आता कंटाळा येतो.

८१ सालच्या श्रावणात मी जनाबाई नावाच्या बाईच्या पोटरीला लागले होते. ती आवणात वाकून भात लावत होती. बांधावर कॉलेजची सहल आली होती, आणि सुहासिनी मॅडम नव्यानंच नोकरीला लागलेल्या. साडी खोचून त्या चिखलात उतरल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, ही जळू मला द्याल?’’

जनाबाई हसत सुटली. ‘‘ने गो बाय! आमचे शेतान जलवांची काय कमी नाय.’’ तिनं मिठाची चिमूट टाकली आणि मी सुटले. मॅडमनी मला तळहातावर घेऊन पोरांना दाखवलं, ‘‘बघा, दोन्ही टोकांना चूषक. वलयी प्राण्यांचा संघ.’’ माणसानं इतक्या कौतुकानं माझ्याकडे पाहिलेलं ते पहिलं.

प्रयोगशाळेत आणल्यावर मला नीट ताणून बांधायला हवं होतं. पण दिवस मावळायला आलेला, सगळ्यांना घरी जायची घाई. मला तशीच फॉर्मालिनमध्ये सोडली. मी आक्रसले, आखूड झाले, पानासारखी चपटी होऊन राहिले. तेवढी एक घाई पुढं मला फार महागात पडली.

कपाटाची राखण भगवान शिरसाटकडे. अंबरनाथहून येणारा, प्रयोगशाळेचा शिपाई. वागायला सरळ आणि कामाला वाघ. बरण्या पुसायच्या, फॉर्मालिन भरायचं, मुलांनी तोडलेल्या झुरळांचे पाय गोळा करायचे, सगळं हाच माणूस करी. दुपारी डबा खाल्ला की मराठी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाची, आणि स्टाफरूममधले निम्मे लोक बातम्या त्याच्याकडूनच ऐकत.

८६ साली प्रयोगशाळेला रंग लागला. कपाटं हलवताना माझ्या शेजारची पर्णकृमीची बरणी फुटली. मेंढ्यांच्या यकृतात राहणारा तो चपटा प्राणी काचांबरोबर केरात गेला, त्याचं लेबल मात्र फरशीवर राहिलं. माझं लेबल त्याआधीच कसरीनं खाल्लं होतं, त्यामागच्या खळीच्या लोभानं. कसर म्हणजेही आमच्याच कपाटातली, संधिपाद. पण घरच्याच माणसाची तक्रार कुठं करणार?

भगवाननं इकडं तिकडं पाहिलं. एक बरणी बिननावाची, एक नाव बिनबरणीचं. त्यानं खळ लावली आणि ते ‘लिव्हर फ्लूक’ असं इंग्रजी लेबल माझ्या पोटावर व्यवस्थित, जराही तिरकं न करता चिकटवलं. मी त्या दिवसापासून चपट्या कृमींच्या संघात गेले.

आता तुम्ही म्हणाल, शिकवणाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तीच तर गंमत आहे. बरणीची काच धुरकटली होती, फॉर्मालिन पिवळं पडलं होतं आणि माणसं लेबल वाचून पुढं जातात. सुहासिनी मॅडम लांबून पट्टीनं दाखवायच्या, ‘‘तो लिव्हर फ्लूक. अंगावर खंड नाहीत, गुदद्वार नाही. लिहून घ्या.’’ अहो मॅडम, माझ्या अंगभर वळ्या आहेत, एकदा जवळ या! ज्या बाईनं मला तळहातावर घेतलं होतं, तिनंच मला ओळखलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. मग वाईट वाटायचाही कंटाळा आला.

मुलांचं तर विचारूच नका. परीक्षेत स्पॉटिंग नावाचा प्रकार असतो. टेबलांवर बरण्या मांडतात, लेबलांवर नंबराचा कागद डकवतात, घंटा वाजली की मुलानं पुढच्या बरणीकडे सरकायचं. प्राणी ओळखा, संघ लिहा, लक्षणं लिहा. पण प्राणी ओळखतो कोण? प्रत्येक वर्षाची मुलं पुढच्या वर्षाच्या मुलांना बरण्यांच्या खुणा सांगून जातात. तिरपी बरणी म्हणजे तारामासा, बुडाला तडा म्हणजे गोगलगाय. माझं झाकण निळं. एक सिंधी मुलगा कपाटासमोर उभं राहून घोकत होता, ‘‘ब्लू ढक्कन लिव्हर फ्लूक, ब्लू ढक्कन लिव्हर फ्लूक. भगवानकाका, पक्का ना?’’

‘‘मला नका विचारू रे. मी कुणाला सांगत नसतो,’’ भगवान म्हणायचा. आणि खरंच कधी सांगत नसे.

९४ साली भगवानची मुलगी अंजना शेवटच्या वर्षाला होती. दुसऱ्यांदा. आदल्या साली प्रॅक्टिकलमध्येच दोन मार्कांनी गेली होती. पास झाली तर मुंबईत रक्त-लघवी तपासायच्या कोर्सला जाणार, हे बापलेकीचं ठरलेलं. यंदा गेली तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही, असं आईनं बजावलेलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती बापाचा डबा घेऊन आली. भगवान हात धुवायला गेला तेवढ्यात तिनं मला खाली उतरवलं, ओल्या फडक्यानं काच पुसली आणि भिंग लावलं. मला वाटलं, चुकून लावलं असेल. पण तिचा डोळा एका टोकापासून सावकाश निघाला तो दुसऱ्या टोकाला पोचला. वळ्या मोजत होती. मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

‘‘बाबा, ही जळू आहे. लेबल चुकलंय.’’

भगवानचा चेहरा एकदम उतरला. ‘‘काहीतरीच. मॅडम इतकी वर्षं बघतात.’’

‘‘मग मॅडमना सांगू या.’’

‘‘परीक्षा तोंडावर आली असताना? काही नको. आणि हे बघ, पेपरात सगळे लिहितात तेच लिही. दोन मार्कांनी गेली होतीस, विसरलीस काय?’’

अंजनानं मला परत फळीवर ठेवलं. भगवान त्या दिवशी डबा न उघडताच बसून राहिला. पेपरही वाचला नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. माझा नंबर सात. घंटा वाजे, एकेक मूल समोर येई, निळं झाकण बघे, लिहून मोकळं होई. माझ्याकडे बघायला अर्धं मिनिटही कुणाला लागलं नाही. अंजना आली. तिनं झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. तिचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. घंटा व्हायला आली. लिही बाई, काय ते लिही, मला जीव असता तर तो घशाशी आला असता. शेवटी तिनं भराभर चार ओळी खरडल्या आणि ती पुढं गेली.

दुपारी पेपर तपासताना परीक्षकांनी मान वर केली. ‘‘चोवीस मुलांत तेवीस लिव्हर फ्लूक आणि एकटी जळू? बोलवा तिला.’’

अंजना आली. आवाज तिचा सरळ होता. ‘‘सर, अंगावर वळ्या आहेत. चपट्या कृमींना नसतात. आणि चूषकं दोन्ही टोकांना आहेत. फ्लूकची दोन्ही पुढच्या बाजूला असतात.’’

परीक्षकांनी मला उजेडाला धरलं. मग चष्मा काढून धरलं. मग सुहासिनी मॅडमकडे दिलं. मॅडमनी मला कितीतरी वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘‘अगंबाई, ही मीच आणलेली.’’ मला रडू येत नाही, तेवढं बरं.

परीक्षकांचं लक्ष तोवर आडनावाकडे गेलं. ‘‘शिरसाट. तो शिपाई कोण तुझा? वडील? मग बरोबर आहे. घरूनच उत्तरं मिळालेली दिसतात.’’

अंजनाचे डोळे भरून आले. त्याबरोबर भगवान ट्रे खाली ठेवून पुढं झाला.

‘‘सर, माझं ऐकलं असतं तर तिनंही फ्लूकच लिहिलं असतं. मी तसंच लिहायला सांगितलं होतं तिला. तिनं ऐकलं नाही माझं. लेबल मी लावलंय. चूक माझी.’’

परीक्षकांनी अंजनाला त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क दिले, बाकीच्यांना निम्मे दिले, आणि जाताना प्राचार्यांकडे लेखी तक्रार ठेवून गेले. ‘‘यंदा अडकत नाहीस तू,’’ मॅडम अंजनाच्या कानाशी म्हणाल्या.

आज सकाळी भगवानला मेमो आला. टाईप केलेला, इंग्रजी. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला आणि अंजना येईपर्यंत दिवसभर बरण्या पुसत राहिला. ती आल्यावर म्हणाला, ‘‘काय लिहिलंय बघ जरा.’’

तिनं वाचलं. ‘‘निष्काळजीपणाबद्दल कारवाई का करू नये, याचा उद्यापर्यंत खुलासा मागितलाय. पण बाबा, तुम्ही अजून वाचलाच नाहीत?’’

भगवान फडकं पिळत राहिला. अंजना त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग कपाटातल्या एकेका इंग्रजी लेबलाकडे.

‘‘बाबा, मग इतकी वर्षं हे कपाट कसं लावलंत?’’

‘‘बरणी बघून. अक्षरांच्या आकारावरून. सातवीपर्यंत शाळा झाली, इंग्रजी तिथं धड नव्हतंच. पेपर वाचतो म्हणून सगळ्यांना वाटायचं हेही वाचतो. मग सांगायचं राहून गेलं.’’

अंजनानं डोळे पुसले, कोरा कागद घेतला आणि स्टुलावर बसली. ‘‘मी लिहिते खुलासा. नजरचुकीनं लेबल बदललं गेलं, पुन्हा असं होणार नाही. बस. तुम्ही सही करा.’’

‘‘नजरचुकीनं नाही,’’ भगवान म्हणाला. ‘‘मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, असं लिही.’’

‘‘बाबा, नोकरीचा प्रश्न आहे! कशाला आपणहून सांगायचं?’’

‘‘तुझ्याही मार्कांचा प्रश्न होता. तू लिहिलंस ना दिसलं ते? मग बापाचंही तसंच लिही.’’

अंजना लिहिते आहे, मेमोसारखंच इंग्रजीत. शाई दोनदा पसरली, दोनदा कागद बदलला. भगवान तिच्यामागं उभा राहून न कळणाऱ्या अक्षरांकडे बघतो आहे.

प्राचार्यसाहेब, उद्या तो कागद तुमच्या टेबलावर येईल. मी आता फार थकले आहे. मला ठेवा, नाहीतर जनाबाईच्या शेताकडच्या मातीत टाकून द्या, मला दोन्ही सारखंच. पण शिक्षा लिहायच्या आधी एवढं ध्यानात घ्या, की त्या चुकीनं नुकसान झालं असेल तर सगळ्यात जास्त माझं झालं. आठ वर्षं परक्या नावानं मी काढली. आणि त्या माणसाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.